शिकलेला घोडा, शिकणारी बाई

मैत्रिणींनो, घोडा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? वरातीतला, झुलीखाली घामेजलेला घोडा, चौकातल्या पुतळ्याचा घोडा, नाहीतर माथेरानला मुलांच्या हट्टापायी घेतलेली एक फेरी. त्या फेरीत लगाम घोडेवाल्याच्या हातात असतो आणि आपण खोगीर घट्ट धरून "अहो भाऊ, हळू, हळू!" म्हणत असतो. फोटो छान येतो. पण घोड्यावर बसणं म्हणजे काय, ते काही त्यातून कळत नाही.

आज हा विषय काढायचं कारण म्हणजे पुण्याच्या एका भगिनीचं पत्र. त्यांचं वय एकेचाळीस. मुलगी अकरा वर्षांची, आठवड्यातून दोनदा रायडिंग स्कूलला जाते. त्या लिहितात :

"तिला सोडायला जाते आणि तासभर कुंपणाशी बाकावर बसून राहते. तिथे स्पर्धांतून निवृत्त झालेली एक म्हातारी घोडी आहे. तिच्यावर मोठ्या माणसांना ड्रेसाजचे धडे देतात. परवा सर म्हणाले, 'ताई, नेहमी बघता, एकदा बसून तर बघा.' तेव्हापासून मनातून ते जात नाही. घरी सांगितलं तर हे हसले. सासूबाई म्हणाल्या, 'या वयात हातपाय मोडून घेतलेस तर घरातलं करणार कोण?' त्यांचंही खरंच आहे. शिवाय मुलीच्या फीवर आणखी माझी फी म्हणजे जिवावर येतं. पण ताई, लग्नाआधी मी सायकल, पोहणं सगळं करत होते. गेल्या अठरा वर्षांत नवीन म्हणून काही शिकलेच नाही. काय करू?"

पत्र एकीचं असलं तरी प्रश्न पुष्कळजणींचा आहे. कुणाला घोडा हवा असेल, कुणाला पोहणं, कुणाला तबला. म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

ड्रेसाज म्हणजे काय?

शब्द फ्रेंच आहे. अर्थ साधा, घोड्याला तालीम देणं. यात शर्यत नाही, अडथळ्यांवरून उड्या नाहीत. वाळूचं एक सपाट रिंगण असतं, मोठ्या स्पर्धांसाठी ६० मीटर लांब आणि २० मीटर रुंद, शिकाऊंसाठी बहुधा ४० बाय २०. कडेनं इंग्रजी अक्षरांच्या पाट्या असतात. या अक्षरापाशी वळा, त्या अक्षरापाशी थांबा, इथून वीस मीटरचं वर्तुळ घ्या, असं ठरवून दिलेलं असतं आणि परीक्षक प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण देतात.

ऐकायला सोपं वाटतं ना? पण वर्तुळ खरोखरच गोल यायला हवं, बटाट्यासारखं नको. भाकरी गोल थापताना जसा हाताचा दाब सगळीकडे सारखा लागतो, तसंच इथे आहे. आणि हे सगळं करताना बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की बसलेली बाई काहीच करत नाही, घोडाच आपण होऊन नाचतो आहे.

घोड्याच्या मुख्य चाली तीन. साधं चालणं, त्यात चार ठोके पडतात. दुडकी, जिला तिथे ट्रॉट म्हणतात, तिचे दोन ठोके. आणि कँटर, म्हणजे आवरून धरलेली धाव, तिचे तीन. जिनं थोडंफार गाणं किंवा नृत्य केलंय, तिच्या अंगात हे ठोके लवकर भिनतात. शिकून तयार झालेला घोडा याच्याही पुढे जातो. जागच्या जागी दुडकतो, तिरका चालतो, कँटरमध्ये दर पावलाला पाय बदलतो.

म्हातारी घोडी कशाला?

सरांनी तरणाबांड घोडा न सुचवता म्हातारी घोडी सुचवली, यावरून त्यांना आपलं काम कळतं असं मी म्हणेन.

व्हिएन्ना शहरात 'स्पॅनिश रायडिंग स्कूल' नावाची जगप्रसिद्ध संस्था आहे. १५६५ सालापासूनच्या कागदपत्रांत तिचा मागोवा लागतो. पांढरे लिपिझानर घोडे आणि झुंबरांचं मोठं सभागृह. हे सभागृह १७३५ साली बांधून पुरं झालं. तिथला नियम असा की नवशिक्या स्वाराला शिकलेल्या, वयस्क घोड्यावर बसवायचं, आणि नवशिक्या घोड्यावर अनुभवी स्वारानं बसायचं. दोघंही कच्चे असले तर दोघांचंही नुकसान. तिथे सुरुवातीला स्वाराला लगामच देत नाहीत. रिकिबीही नाहीत. शिक्षक मधे उभा राहून लांब दोरीनं घोडा गोल फिरवतो आणि शिकणाऱ्यानं फक्त बसायला शिकायचं. आपल्याकडे 'मांड पक्की असणं' म्हणतात ना, ती मांड आधी. हात मागाहून.

आता शिकलेला घोडाच का, ते सांगते. घोड्याच्या अंगावर माशी बसली तरी नेमकी तेवढीच कातडी थरथरते, हे तुम्ही पाहिलं असेल. इतकं नाजूक अंग आहे ते. तुम्ही उजव्या बाजूला जरा कललात, श्वास रोखलात, मांड्या आवळल्यात, तर शिकलेल्या घोड्याला ते लगेच समजतं आणि तो त्याप्रमाणे करतो. तुम्हाला वाटतं, 'मी सरळ जायला सांगितलं, ही उजवीकडे का गेली?' शिक्षक म्हणतात, 'ताई, तुम्हीच तिला उजवीकडे जायला सांगितलंत.' बघितलं तर खरंच सगळं वजन उजव्या बाजूला असतं. आपली चूक आपल्याला न बोलता दाखवणारा असा गुरू दुसरीकडे कुठे मिळणार?

आणि बरोबर केलं की तेही कळतं. पुरण शिजलं की नाही, हे पुस्तक वाचून कळत नाही. कुणीतरी एकदा उलथनं पुरणात उभं करून दाखवावं लागतं. एकदा पाहिलं की जन्मभर विसरत नाही. तसंच शिकलेली घोडी एकदा योग्य चालीत चालली, की ते तुमच्या कमरेला कळतं. पुढे दुसऱ्या घोड्यावर तुम्ही तेच शोधता.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगते. आपल्याकडच्या बऱ्याच रायडिंग स्कूलांत रेसकोर्सवरून निवृत्त झालेले घोडे असतात. जातिवंत आणि देखणे. पण त्यांना पळायला शिकवलेलं असतं. शर्यतीतला जॉकी लगाम ताणून धरतो, तेव्हा घोडा त्या ताणावर रेलून आणखी जोरात धावतो. घाबरलेली नवशिकी बाई नेमकं तेच करते, लगाम ओढून धरते. म्हणजे तिनं म्हणावं 'थांब' आणि घोड्यानं समजावं 'पळ'. असा घोडा वाईट नव्हे. वर्ष-दोन वर्षं नव्यानं तालीम दिली तर तोही उत्तम शिकतो. पण ती तालीम झाली आहे का, हे तुम्ही विचारलंच पाहिजे.

पहिल्या धड्यात काय होतं?

चांगल्या शाळेत पहिला धडा जमिनीवरच सुरू होतो. घोड्याच्या अगदी मागून जाऊ नये, अगदी नाकासमोरूनही नाही. तिथलं त्याला दिसत नाही आणि तो दचकतो. डाव्या खांद्याच्या बाजूनं, आवाज देत जावं. मोतद्दार खरारा कसा करायचा ते दाखवतो. तो मनापासून शिका. घोडीची आणि तुमची ओळख तिथेच होते. गाजर द्यायचं तर तळहात सपाट ठेवून, बोटं मिटून नव्हे.

चढायला पायऱ्यांचा लाकडी ठोकळा असतो. 'मला उडी मारून चढता येणार नाही' म्हणून लाजू नका. ठोकळ्यावरून चढणंच घोड्याच्या पाठीला बरं असतं.

मग वर बसल्यावर खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत. टाच जराशी खाली. नजर समोर, घोड्याच्या मानेकडे नको. आणि श्वास घ्या! पहिल्या दहा मिनिटांत सगळ्याजणी श्वास कोंडून बसतात, म्हणून कित्येक शिक्षक शिकणारणीला बोलतं ठेवतात. पाव तासात दुडकीचे हिसके बसायला लागले की वाटतं, हाडं खिळखिळी झाली. मग एका ठोक्याला उठायचं, एका ठोक्याला बसायचं, हे शिकवतात. जमलं की हिसके एकदम जातात.

पाय 'चल' म्हणतात, हात 'जरा थांब' म्हणतात, आणि वजन दोघांच्या मधलं सगळं सांगतं. हात आणि पाय एकाच वेळी जोरात बोलायला लागले की घोडी बिचारी गोंधळते. घरात दोन मोठी माणसं एकाच मुलाला दोन हुकूम देतात तेव्हा काय होतं, तसंच!

अर्धा-पाऊण तास पुरे. दुसऱ्या दिवशी मांड्यांच्या आतली बाजू अशी दुखेल की जिना उतरताना भिंत धराल. गरम पाण्यानं शेका. दोन-तीन दिवसांत जातं.

"या वयात?"

आता सासूबाईंच्या पहिल्या शब्दाकडे वळू.

१९५२ सालापर्यंत ऑलिंपिकमधल्या ड्रेसाजमध्ये बायकांना प्रवेशच नव्हता. ते मुख्यतः लष्करी अधिकाऱ्यांचंच होतं. त्या वर्षी हेलसिंकीला पहिल्यांदा दार उघडलं आणि डेन्मार्कच्या लिझ हार्टेल या बाईंनी रौप्यपदक मिळवलं. आठ वर्षांपूर्वी, १९४४ साली, पोटात बाळ असताना त्यांना पोलिओ झाला होता. बाळ सुखरूप जन्मलं, पण यांचे गुडघ्यांखालचे पाय कायमचे लुळे राहिले. त्यांना घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागायची. टाचेनं खूण करता येत नव्हती. म्हणून त्यांनी आणि त्यांच्या ज्युबिली नावाच्या घोडीनं पाठीची आणि वजनाची भाषा तयार केली. पुढच्या, १९५६ सालच्या ऑलिंपिकमध्येही त्यांनी पुन्हा रौप्य मिळवलं. अपंग माणसांना घोडेस्वारीतून उपचार मिळावेत म्हणूनही त्यांनी पुढे काम केलं.

१९७२ साली म्यूनिकला ब्रिटनच्या लॉर्ना जॉन्स्टन ड्रेसाजमध्ये उतरल्या, तेव्हा त्यांचं वय सत्तर होतं. या खेळात बायका आणि पुरुष वेगळे नसतात, एकाच रिंगणात, एकाच नियमानं उतरतात. ताकदीपेक्षा नेमकेपणा आणि धीर यांना इथे जास्त किंमत आहे आणि त्या दोन्ही गोष्टी वयाबरोबर वाढतात. व्हिएन्नाच्या त्या शाळेला मात्र हे उमगायला वेळ लागला. तिनं मुलींना पहिल्यांदा घेतलं २००८ साली!

आपल्याकडची गोष्टही अभिमानाची आहे. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत भारताच्या ड्रेसाज संघानं सुवर्णपदक मिळवलं. घोडेस्वारीतलं सुवर्ण १९८२ नंतर, एक्केचाळीस वर्षांनी आलं. चौघांच्या त्या संघात मुंबईचा हृदय छेडा आणि कोलकात्याचा अनुष अगरवाला होते, तशा जयपूरची दिव्यकृती सिंह आणि इंदूरची सुदीप्ती हजेला या दोन मुलीही होत्या. अनुष पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकलाही गेला. ही मंडळी घरापासून दूर, युरोपात राहून शिकली. आपल्याला पदक नको आहे, पण 'हे बायकांचं काम नव्हे' असं कुणी म्हटलं तर हे सांगायला हरकत नाही. झाशीच्या लक्ष्मीबाईंचं नाव तर घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं.

धोका आहे का?

आहे. तो लपवून मी तुम्हाला 'जा' म्हणणार नाही. शिकलेली घोडीही शेवटी जनावर आहे. पत्रा वाजला, कुत्रं अंगावर आलं तर दचकते. माणूस पडतं. म्हणून काही गोष्टींत तडजोड नको.

हनुवटीखाली पट्टा बांधायचं, घोडेस्वारीसाठीच केलेलं हेल्मेट हवंच. स्कूटरचं चालत नाही, ते जड असतं. शाळेचं हेल्मेट डोक्यात सैल बसत असेल तर त्या दिवशी घोड्यावर बसू नका. बूट घोट्याच्या वरपर्यंत, गुळगुळीत तळाचा आणि इंचभर टाचेचा. टाच नसली तर पाऊल रिकिबीतून आरपार जातं, आणि पडताना पाय अडकण्यासारखं वाईट काही नाही. साडी, ओढणी, सैल सलवार नको. अंगाशी बसणारी, आतून जाड शिवण नसलेली पॅंट घाला. बांगड्या घरी काढून ठेवा. मंगळसूत्र काढायचं नसेल तर आखूड करून कपड्याच्या आत घ्या, लोंबतं नको. वेणी मानेशी खाली बांधा, वर अंबाडा घातला तर हेल्मेट बसत नाही.

तबेल्याच्या मातीत आणि लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात. इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवत नसेल, तर आधी डॉक्टरांकडे जा.

दिवस गेलेले असतील तर नवा छंद म्हणून हा सुरू करूच नका. पाठीच्या मणक्यांचा त्रास, हाडं ठिसूळ होणं, अंग बाहेर येणं, चक्कर, फिट, नुकतंच झालेलं ऑपरेशन, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा आणि ते नको म्हणाले तर ऐका. मासिक पाळीत बसायला मात्र काही हरकत नाही, तुम्हाला बरं वाटत असलं म्हणजे झालं.

वजनाचंही सांगते. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या भागापेक्षा जास्त ओझं नसावं, असा एक ढोबळ हिशेब आहे. पाचशे किलोच्या घोड्यासाठी शंभर किलो. म्हातारी घोडी असेल तर त्याहूनही कमी. शिक्षकांनी वजन विचारलं तर रागावू नका, खरं सांगा. न विचारणाऱ्यापेक्षा विचारणारा बरा.

पैसे आणि घर

सासूबाईंचा दुसरा शब्द होता, 'घरातलं करणार कोण?' हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, तो प्रेमातूनही आलेला असेल. पण नीट बघा. घर जर एकाच बाईच्या हातापायांवर उभं असेल, तर घोडा नसला तरी धोका आहेच. न्हाणीघरातही पाय घसरतो. तेव्हा बाईनं काही शिकू नये, हा त्यावरचा उपाय नव्हे. घरातल्या प्रत्येकाला निदान कुकर लावता यावा आणि औषधं-बिलं कुठे ठेवली आहेत ते माहीत असावं, हा उपाय. घोड्याच्या निमित्तानं एवढं झालं तरी पुष्कळ मिळवलं.

पैशाचं म्हणाल तर चोरून काही करू नका. घरखर्चातून गुपचूप काढलेल्या पैशांवर शिकलेली विद्या पचत नाही, मनात भीती राहते. यजमानांना एकदा त्या बाकावर बसवा, घोडी दाखवा, सरांशी बोलू द्या. न पाहिलेल्या गोष्टीला माणूस हसतो, पाहिल्यावर प्रश्न विचारतो. प्रश्न आले की समजा निम्मं काम झालं. पंधरा दिवसांतून एक, असे फक्त सहा धडे ठरवा. ते मुलीच्याच वेळेला ठेवा, म्हणजे जाण्यायेण्याचा वेगळा खर्च नाही आणि घरातला वेगळा वेळही जाणार नाही. सहा धड्यांनंतर पुन्हा हिशेबाला बसा. मुलीच्या फीला मात्र हात लावू नका. नाहीतर तिच्या मनात तुमच्या आनंदाबद्दल अढी बसेल.

आणि डॉक्टरांनी नाही सांगितलं किंवा पैसा खरंच नसला, तरी बाकावरून उठता येतं. खरारा करणं, खोगीर कसणं, घोडीला हातानं धरून फिरवणं, हे जमिनीवरचं कामही शिकण्यासारखं आहे. बऱ्याच तबेल्यांत मनापासून काम करणारं माणूस हवंच असतं.

शाळा निवडताना

एखाद्या सकाळी न कळवता जाऊन या आणि एवढ्या गोष्टी बघा.

१. घोड्यांच्या पाठीवर, तंगापाशी, ओठांच्या कोपऱ्यांत जखमा आहेत का? बरगड्या दिसतात का? पाण्याची बादली भरलेली आहे का?

२. नवशिक्या माणसाला पहिल्याच दिवशी लगाम देऊन मोकळं सोडतात, की लांब दोरीवर फिरवतात?

३. एका शिक्षकाकडे एका वेळी किती माणसं? सुरुवातीला एकाला एकच असावं.

४. घोडा दिवसातून किती तास काम करतो आणि त्याला सुट्टी कधी, हे विचारा. अडखळत उत्तर आलं तर समजून घ्या.

५. शिक्षक चुकीबद्दल घोड्याला मारतात का? २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर एका नामवंत खेळाडूला, शिकवताना घोड्याला चाबकानं मारतानाचा व्हिडिओ बाहेर आल्यामुळे स्पर्धेतून माघार घ्यावी लागली. एवढ्या मोठ्या ठिकाणी जे खपवून घेतलं गेलं नाही, ते आपणही खपवून घेऊ नये.

६. पडल्यास काय सोय आहे? प्रथमोपचाराची पेटी, जवळचा दवाखाना, विमा. लाजू नका, विचारा.

७. सहा महिन्यांची फी आगाऊ भरू नका. एक धडा घ्या, मग ठरवा.

हे सगळं बघून मनाला पटलं, डॉक्टर हो म्हणाले, घरच्यांशी मोकळं बोलणं झालं, तर माझ्या पुण्याच्या मैत्रिणी, अवश्य जा. पहिल्या दिवशी काही जमणार नाही. घोडी एक-दोनदा थांबून राहील आणि बाकावरून मुलगी ओरडेल, "आई, टाच खाली!" ओरडू द्या. आईला शिकताना पाहणं हेही मुलीचं शिक्षणच आहे.

आणि इतर मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी चाळिशीनंतर असं काही नवं शिकायला घेतलं असेल, तर जरूर लिहा. जमलं ते लिहा, मधेच सोडावं लागलं असेल तर तेही लिहा. दुसरीला त्याचाच उपयोग होतो.